उपाशी बाटली

ब्रेमेन, १४ जानेवारी

तोम्मा,

नऊ वर्षांपूर्वी चौकशी समितीपुढे तू मला बजावलं होतंस, की यापुढे आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणायचं. चौदा वर्षं जिच्याशेजारी बसून काम केलं तिला तुम्ही म्हणायला माझा हात वळत नाही, म्हणून तू-च लिहिते आहे. राग आला तर पत्र फाडून टाक. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे.

आमच्या थंड खोलीत, हिनर्कच्या गाळाच्या नळ्यांमागे, अगदी खालच्या फळीवर तुझी बाटली काय करत होती?

खोलीची यंत्रणा बदलायची आहे म्हणून सामान बाहेर काढणं चाललं आहे. मी नोव्हेंबरात निवृत्त होते आहे, तेव्हा ही आवराआवर अर्थातच माझ्या गळ्यात. बाटलीवर तुझं डावीकडे कललेलं अक्षर : 'तो. री., उपाशी ३'. खाली तारीख. आत तीन हजार मीटर खोलवरच्या गाळातले तुझे लाडके जंतू.

तिकडे डेअरीच्या नोकरीत दुधातले जंतू मोजता मोजता विसरली असशील, तर आठवण करून देते. खाणाऱ्या बाटल्यांना आपण तेल द्यायचो आणि उपाशी बाटल्यांना काहीच नाही. मग बाटलीतला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकायचा. जंतूंनी तेल खाऊन सल्फाइड काढलं असेल तर पाणी तपकिरी, नाहीतर निळं. तुझ्या वहीप्रमाणे तुझ्या तिन्ही उपाशी बाटल्या दोन वर्षं निळ्याच राहिल्या. प्राध्यापक ल्यूडेकिंगांनी तोच प्रयोग मला पुन्हा करायला लावला, तेव्हा माझ्या तिन्ही उपाशी बाटल्या आठ महिन्यांत तपकिरी झाल्या. ज्यांना तेलाचा थेंब दिला नाही, ते जंतू कशावर जगले? म्हणजे तुझे जंतू तेलावर जगतात हे काही सिद्ध होत नव्हतं, आणि तुझ्या वहीतला निळा रंग खुर्चीत बसून लिहिलेला होता. हे मी समितीपुढे सांगितलं. आजही सांगेन.

समितीनं तुझ्या मूळ बाटल्या मागितल्या तेव्हा त्या नाहीशा झालेल्या होत्या. आणि आता त्यातलीच एक माझ्या पायाशी येते. याचा अर्थ मी काय लावू? तुझ्याकडे अजून चावी आहे का?

वीबके हार्म्स


ब्रेमेन, ३ फेब्रुवारी

तोम्मा,

उत्तर नाही. ठीक आहे, मीच माहिती काढली.

आधी बाटली. सुई टोचून थेंब काढला, मोरचुदाच्या पाण्यात सोडला. निळं. दुसऱ्यांदाही निळं. तुझी कळी खुलली असेल, पण जरा थांब. मेलेला प्राणी जेवत नाही म्हणून आपण त्याला उपाशी म्हणत नाही. बाटलीत फॉर्मॅलिनचे चार थेंब टाकले की ती जन्मभर निळी राहते, आणि चार थेंब टाकायला तुला काय कठीण होतं? माझा संशय तोच आहे.

आता हिनर्क. शनिवारी संस्थेची कोबीची सहल होती. सगळे हातगाडीवर दारू ठेवून वेझर नदीच्या काठानं कोबीच्या जेवणाकडे चालत होते. हिनर्कला तू ओळखतेसच, दोन पेले पोटात गेले की नळ्यांचा रखवालदार तोंडाचा रखवालदार राहत नाही. मी बाटलीचं नाव काढलं तर हसायलाच लागला.

"अगं, सापडली का? नऊ वर्षं लावलीस, वीबके. मला वाटलं होतं तू दोन महिन्यांत हुडकून काढशील."

"तिथे ठेवली कुणी?"

"मीच. तोम्मानं दिली. तुमच्या त्या समितीचा निकाल लागला, ती टेबल रिकामं करत होती. विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून ही एक बाटली खालच्या मजल्यावर नेलेली, ती तेवढी वाचली."

"मग तेव्हाच समितीला का नाही दाखवली?"

"निकाल लागल्यावर? ती म्हणाली, हिचा खरेपणा कळायला आठ महिने लागतील, आणि माझ्या शब्दावर आता आठ मिनिटं कोणी थांबणार नाही. आणि मला म्हणाली, कुठेही ठेव रे, फक्त वीबकेच्या हाताला लागेल अशी ठेवू नको."

मला राग आला. "माझ्या हाताला? या इमारतीत माझ्यापेक्षा स्वच्छ हात कुणाचे आहेत ते सांग."

"म्हणूनच असेल," तो म्हणाला, आणि पेला भरायला निघून गेला.

'म्हणूनच' म्हणजे काय, तोम्मा? दोघांनी मिळून काय शिजवलंय?

वीबके


ब्रेमेन, २२ फेब्रुवारी

तोम्मा,

कार्ड मिळालं. समोर तुझ्या ग्रीटझीलच्या दोन पवनचक्क्या, मागे तुझे तीन शब्द : 'तेल घाल. थांब.'

ना नमस्कार, ना सही. मी तुझ्या हाताखालची मदतनीस आहे असा सूर. होतेच म्हणा. पण हुकूम सोडायचा तर माणसानं पानभर तरी लिहावं.

तरी मी तेल घातलं. तुझ्या सांगण्यावरून नव्हे. तुझे जंतू मेलेले आहेत हे दाखवायचा तोच एक मार्ग आहे म्हणून. जिवंत असतील तर तेल खातील आणि पाणी तपकिरी होईल. मेलेले असतील तर निळंच राहील, आणि तुझं फॉर्मॅलिन उघडं पडेल.

सगळं नियमानं केलं. सुई नवी, तेल नव्या कुपीतलं. बाटलीचं बूच मात्र पाहून हसू आलं. काळंभोर, कोरं, कंपनीचा ठसासुद्धा जागेवर. तुला प्रत्येक वेळी नवं पाकीट फोडायची चैन हवी असायची, माझ्या पातेल्यातली बुचं तुला कधी चालली नाहीत. ती बुचं महाग, परदेशातून येणारी. मी ती उकळून, वाफेच्या दाबात धरून पुन्हा वापरात आणायचे. वीस वर्षं या प्रयोगशाळेनं माझ्या पातेल्यातल्या बुचांवर काढली. प्राध्यापक पाहुण्यांना ते पातेलं दाखवतात.

बाटली लाल लाखेनं बंद केली आणि कुलपाच्या पेटीत ठेवली. चावी गळ्यात आहे. हिनर्क रोज विचारतो, "बाळ कसं आहे?" मी चावी कोटाच्या आत सरकवते. त्याच्यावरही माझा भरवसा उरलेला नाही.

वीबके


ब्रेमेन, १७ जून

तोम्मा,

चार महिने होत आले. निळं.

दर सोमवारी तपासते. आज सतराव्यांदा निळं आलं. मला आनंद व्हायला हवा आणि होतोही आहे. पण खरं सांगायचं तर सोमवारी मी तासभर आधीच संस्थेत पोचते, आणि ही घाई नेमकी कशासाठी ते मला सांगता येत नाही.

तीन वाजले की अजून मी चहा करते. तुझी किटली इथेच राहिली आहे, निळ्या फुलांची. तुझ्या पद्धतीनं आधी खडीसाखर, मग चहा, वरून साय, आणि ढवळायचं नाही. मी ढवळते आता. तू समोर नसतेस म्हणून.

समितीच्या आधीच्या गुरुवारचा चहा आठवतो? तुमच्याकडे तीन कप घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही, आणि कपात चमचा ठेवला की पुरे. तू पहिला कप संपवलास आणि चमचा आत ठेवलास. मी किटली हातात धरून उभी. तू म्हणालीस, "वीबके, तुला माझ्या वहीवर खरंच विश्वास नाही?" मी म्हणाले, "मला माझ्या बाटल्यांवर आहे." तू उठून गेलीस. त्यानंतर आपण फक्त समितीपुढे बोललो.

तुझ्या बाटल्या तेव्हा गडबडीत फेकल्या गेल्या नसत्या तर हे सगळं एका दुपारीत मिटलं असतं. पण फेकल्या गेल्या, त्याला आता काय करणार? वसंतातली आवराआवर चालू होती आणि सगळ्यांचंच सामान इकडचं तिकडे झालं होतं.

एवढंच कळवायचं होतं. निळं.

वीबके


ब्रेमेन, १२ सप्टेंबर

तोम्मा,

तपकिरी.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी पाहिलं. मोरचूद जुनं असेल म्हणून नवं केलं. मंगळवारी तपकिरी. बुधवारी गर्द तपकिरी, आणि सुई काढताना सडक्या अंड्यांचा तो ओळखीचा वास. सूक्ष्मदर्शकाखाली ते होते, बुटके, जाड, एकमेकांना चिकटून. नऊ वर्षं त्यांना काही मिळालं नाही, आणि ते चार अंशांच्या अंधारात गप्प बसून राहिले. तेल दिल्यावरसुद्धा सहा महिने घाई केली नाही.

म्हणजे ते जिवंत होते. म्हणजे तू फॉर्मॅलिन घातलं नव्हतंस. म्हणजे तुझी बाटली निळी होती ती उपाशी होती म्हणूनच, आणि वहीत तू लिहिलंस ते डोळ्यांनी पाहून लिहिलं होतंस.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

मग माझ्या बाटल्या तपकिरी का झाल्या? तू रागावशील, पण मी आधी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. तू चोरून माझ्या बाटल्यांत तेल सोडलंस का? पण त्यानं नुकसान तुझंच होत होतं. प्राध्यापकांनी? त्यांना सिरिंज धरता येत नाही. साफसफाईच्या बाईवरही एक दिवस घालवला, देव मला माफ करो. हिनर्कला विचारलं, तर तो नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होता, मान वर न करता म्हणाला, "यादी मोठी दिसते तुझी. त्यात वीबके हार्म्स नावाची एक बाई आहे का?"

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही करत मी. रोज दुपारी तुझं पातेलं उकळतं तेव्हा जिन्यापर्यंत डिझेलचा वास येतो. मला वाटायचं तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं त्या वाफेत उभी राहिल्यावर नाकाला काय कळणार? मी पातेल्यातलं उकळून तयार झालेलं एक बूच घेतलं, स्वच्छ द्रावणात दोन दिवस भिजवलं, आणि ते द्रावण तेल मोजणाऱ्या यंत्राला दिलं. कागदावर तेलाचे डोंगरच्या डोंगर उमटले.

खाणाऱ्या बाटल्यांची बुचं दोन-दोन वर्षं तेल पीत बसतात, तोम्मा. मी ती आणि उपाशी बाटल्यांची एकाच पातेल्यात उकळायचे. जंतू मरायचे. रबरात मुरलेलं तेल तसंच राहायचं. हेरिंग माशाच्या बरणीचं झाकण कितीही धुतलं तरी वास जात नाही, हे मला माझ्या स्वयंपाकघरात ठाऊक होतं आणि इथे सुचलं नाही. माझ्या उपाशी बाटल्यांना वरून, बुचातून, गुपचूप जेवण मिळत होतं. वाढणारी मीच होते.

तू नवीन पाकीट फोडायचीस. मी त्याला चैन म्हणत होते.

वीबके


ब्रेमेन, १ ऑक्टोबर

प्रिय तोम्मा,

सोबत समितीला लिहिलेल्या पत्राची नक्कल जोडली आहे. पाठवण्याआधी तुझ्या नजरेखालून जावी असं वाटलं. बुचांची हकिगत, यंत्राचे कागद, तुझ्या बाटलीच्या सोमवारच्या सगळ्या नोंदी, सगळं त्यात आहे. समितीला आपला निकाल मागे घ्यावा लागेल आणि तो छापावा लागेल. तुझा लेख, तुझं नाव, दोन्ही पुन्हा उभं राहील. तू मनात आणलंस तर परतही येऊ शकशील.

तू पाहशील की मी 'आमच्या प्रयोगशाळेची पद्धत' असं लिहिलं आहे. ते खोटं नाही. बुचं वाचवायला प्राध्यापकांनीच सांगितलं होतं, आणि त्या काळी सगळ्याच प्रयोगशाळा ती उकळायच्या. मूळ बाटल्यांबद्दल मी 'आवराआवरीत गहाळ' एवढंच ठेवलं. त्याचा आता बुचांशी काही संबंध नाही.

माझ्या निरोपाची तयारी सुरू आहे. पातेल्याला सोनेरी रंग देऊन मला भेट देणार आहेत असं कानावर आलं. मी हसले. काय करणार होते?

तुझं उत्तर आलं की पत्र टाकते.

वीबके


ब्रेमेन, १३ ऑक्टोबर

प्रिय तोम्मा,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी दोनच शब्द : 'आणि बाटल्या?'

ते पाच दिवस स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. जेवताना दिसत होतं. आज लिहिते.

बाटल्या गहाळ झाल्या नाहीत. फेकल्या गेल्या नाहीत. मी फेकल्या.

समिती सोमवारी बसणार होती. शुक्रवारी दुपारी तू दंतवैद्याकडे गेली होतीस. मी तुझी बाटल्यांची घडवंची उतरवली, सहा खाणाऱ्या आणि दोन उपाशी. बुचं काढली, पाणी मोरीत ओतलं, बाटल्या धुवायला टाकल्या. कुणी विचारलं तर सांगायला वाक्य तयार होतं, की बुचं हवी होती म्हणून उतरवल्या. ते खरंही होतं. तुझी ती चकचकीत बुचं मी त्याच दिवशी पातेल्यात टाकली.

पण समिती तुझ्या बाटल्या मागणार, अशी चिठ्ठी प्राध्यापकांनी गुरुवारीच माझ्या हाती दिली होती. मला माहीत होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो जाऊन आता चार वर्षं झाली.

मला भीती वाटली होती, तोम्मा. तू खोटी आहेस अशी खात्री असती तर मी त्या बाटल्या डोक्यावर घेऊन समितीपुढे नाचले असते. ओतण्याआधी एका उपाशी बाटलीत मी सुई घातली होती. थेंब सोडला. निळा आला. मी तिथे उभी राहिले, किती वेळ ते आठवत नाही. मग स्वतःशी म्हणाले की हिनं बाटलीत काहीतरी घातलं असणार. आणि ओतली. तुझ्यावरचा संशय त्या एका थेंबानंतर सुरू झाला. त्याआधी मला फक्त माझी चूक असेल अशी धाकधूक होती. तुझ्यावर संशय घेणं मला सोपं गेलं. नंतर नऊ वर्षं तो मी खाऊपिऊ घालून जिवंत ठेवला.

समितीचं पत्र नव्यानं लिहिलं. गुरुवारची चिठ्ठी, शुक्रवारची सुई, निळा थेंब, सगळं आहे. 'आमची पद्धत' काढून 'मी' घातलं. नक्कल सोबत आहे, पण या वेळी तुझ्या परवानगीची वाट पाहिली नाही. सकाळी प्राध्यापकांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "हार्म्सबाई, निवृत्तीला पाच आठवडे राहिलेत. याची गरज होती का?" मी म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी होती." निरोपाचा समारंभ मी नको म्हणून सांगितलं. हिनर्क म्हणतो, आता सोनेरी पातेल्यात त्याला कोबी शिजवायला मिळणार. मग जाताना मला घालायला माझा कोट धरून उभा राहिला. असा तो कधी राहत नाही.

तुझी माफी मागते. समितीकडे मागितली ती वेगळी. ही आपल्या टेबलावरची.

बाटलीचे मी दोन भाग केले. अर्धी समितीसाठी पुरावा म्हणून लाख लावून ठेवली आहे. उरलेली अर्धी नव्या बाटलीत घातली. बूच नवं, पाकीट माझ्या हातानं फोडलं. चिठ्ठीवर तुझं नाव लिहिलं आहे, माझ्या अक्षरात.

शनिवारी सकाळच्या गाडीनं नॉर्डेनला येते, तिथून बसनं ग्रीटझील. तुझी किटली कागदात गुंडाळून आणते आहे. दार उघडलंस तरी मला आत घ्यावं असं काही नाही, मी बंधाऱ्यावर जाऊन बसेन आणि पुढच्या बसनं परतेन. पण बाटली तेवढी आत घे. तिला चार अंश लागतात, आणि बाहेर अजून दहा-बारा आहे.

वीबके